उलटी पेटी

मोठ्या कचेरीला बत्तीस पायऱ्या होत्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर काजळीची पेटी असायची. वय असेल तेरा. पॉलिशने माखलेल्या हातानेच ती घाम पुसायची, तोंडावर काळे पट्टे उठायचे, म्हणून पोरांनी तिचं नाव काजळी ठेवलं. खरं नाव तिच्या लक्षात होतं, पण ते विचारणारं माणूस या शहरात अजून जन्माला यायचं होतं. पायऱ्यांच्या पोटात झाडूवाल्यांची खोली होती. तिच्या दाराबाहेर, बादल्यांच्या मागे, दोन माणसं कुशीवर झोपतील एवढी जागा होती. तिथे ती आणि तिचा धाकटा भाऊ बटण राहायचे. बटण नऊ वर्षांचा. त्याच्या शर्टाला एकच बटण होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

कचेरीतली माणसं काजळीला घोट्यापर्यंतच माहीत होती. पाय पेटीवर यायचा, वर वर्तमानपत्र उघडायचं, संपला संबंध. पण बूट बघून ती माणसाची सगळी कुळकथा सांगायची. कोण पाय ओढत चालतो, कोणाच्या घरात अबोला आहे, कोण साहेबाच्या दारात तासन्‌तास एका पायावर उभा राहतो. बढती मिळाली की माणूस आधी बूट बदलतो आणि मग बोलणं, असं ती म्हणायची, आणि अजून तरी तिचं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं.

पायऱ्यांवर अशी सहा पोरं बसायची आणि त्यांचा एक कायदा होता. एखाद्या गिऱ्हाइकाने कुणा पोरावर हात टाकला, की पुढच्या वेळी ते बूट लांबून दिसताच सहाच्या सहा पेट्या उलट्या व्हायच्या. तोंडातून ब्र काढायचा नाही. पेटी उलटी म्हणजे तुमच्या बुटाला आमचा हात लागणार नाही. मग तो माणूस मळक्या बुटांनी बत्तीस पायऱ्या चढायचा, आणि खालचे लोक गालातल्या गालात हसायचे. ना आईबाप, ना कुणी कैवारी, अशा पोरांचं हे एवढंच कोर्ट होतं. तिथे तारखा पडत नसत.

दोन वर्षांपूर्वी या कोर्टात बटणचा खटला आला.

तेव्हा बटण सात वर्षांचा होता आणि त्याच्यासारखा ब्रश पायऱ्यांवर कुणाचा चालत नव्हता. दोन्ही हातांत दोन ब्रश घेऊन तो असा ताल धरायचा, की गिऱ्हाईक वर्तमानपत्र खाली करून बघायचं. एका दुपारी तपकिरी बुटांच्या एका गिऱ्हाइकाचं पाकीट सापडेना. तो फक्त "चोर" म्हणाला. बटणचा उजवा हात पायरीवर टेकलेला होता. त्या हातावर त्याने बूट ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला. काजळी शेजारच्या पेटीवरून झेपावली. तिने पायाला मिठी मारली, ओढलं, ओरडली, पाय हलेना. शेवटी ती त्या बुटाला चावली. बुटाच्या पुढच्या कातड्यात तिचे दात रुतले. मग दुसऱ्या बुटाची लाथ तिच्या कपाळावर बसली आणि डोळ्यांत रक्त उतरलं. तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणालं, "साहेब, पाकीट तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात दिसतंय की!" बूट पायऱ्या चढून निघून गेले. चुकलं असं म्हणायलासुद्धा थांबले नाहीत.

बटणची तीन बोटं वाकडीच जुळली. हातावर पोट असलेल्याचा हातच मोडला. आता त्याला ब्रश धरता येत नव्हता. लोक ती बोटं बघून न मागता नाणं टाकायचे, आणि बटण हात शर्टाखाली लपवायचा. पूर्वी लोक त्याचा हात बघायला थांबायचे ते वेगळं, आणि आता थांबायचे ते वेगळं, हे नऊ वर्षांच्या पोराला कळत होतं. ते बघून काजळीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"कसा होता रे तो?" तिने त्याला हजारदा विचारलं होतं.

"मोठा होता," बटण म्हणायचा. त्याने हाताकडे बघितलं होतं, तोंडाकडे नाही. आणि काजळीने तर बूटच बघितला होता, डोळ्यांपासून दोन बोटांवर. उजव्या बुटावर तिच्या दातांची खूण होती, आणि तिचे वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. तसली खूण जगात दुसरीकडे उठणं शक्य नव्हतं.

तिने डूख धरला. ते बूट पुन्हा दिसले की काय करायचं हेही ठरवून टाकलं. कोपऱ्यावर मोचीबाबा बसायचे. त्यांच्याकडून ती टाचेचे खिळे ठोकायला शिकली. बाबांना वाटलं, पोरगी पुढे जाऊन आपलं दुकान टाकेल. पण तिला खिळे काढायला शिकायचं होतं. बाबांनी तिला एक जुनी पकड दिली, ती तिने पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवली. रोज डोळ्यांत तेल घालून ती पायऱ्यांवरचे बूट बघत राहिली. दोन वर्षं ते बूट आले नाहीत.

आणि एका शुक्रवारी सकाळी आले.

आधी ते पेटीपासून चार हातांवर घुटमळले. मग एक पाय पुढे आला, पेटीवर टेकला, परत मागे गेला. काजळीने उजवा बूट बघितला आणि तिच्या कानांत गरम वारं भरल्यासारखं झालं. पॉलिशच्या थरांखाली, बोटांवरच्या घडीजवळ, तिचेच दात होते. एकमेकांवर चढलेले. ती खूण तिच्याशिवाय कुणाला ओळखू येणारी नव्हती, म्हणून बाकीच्या पेट्या सुलट्याच राहिल्या.

"करतेस का ग बाळ?" वरून आवाज आला. "जपून हं. नवे आहेत."

नवे म्हणे! काजळीने दात-ओठ खाल्ले. "काढून द्या," ती म्हणाली, "टाच सुटत आलीय. ठोकून देते." तिने गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या दोन रबरी चपला पुढे सरकवल्या. एक हिरवी, एक गुलाबी.

"अरे वा, बरं झालं बघितलंस! आज फोटो आहे आमचा, इथेच पायऱ्यांवर."

तिने बूट उलटा केला. टाचेची बाहेरची कड झिजून गोल झाली होती. ती झीज जुनी होती. आणि आतली कड ताजी घासलेली होती. एक माणूस टाच दोन्हीकडून घासत नाही. हे काजळीला माहीत होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तिने ती झीज बघितलीसुद्धा. पण राग डोक्यात असला की डोळे बघतात आणि मन ऐकत नाही. तिने पकड काढली. टाचेच्या पाच खिळ्यांपैकी चार उपटले आणि भोकांत मेण भरलं. मग पॉलिश असं केलं, की दोन वर्षांत तिने तसं कुणाचं केलं नव्हतं.

"वा! तोंड दिसतंय की यात," तो माणूस म्हणाला. तिने तेव्हाही वर बघितलं नाही. वर बघायची वेळ तिने राखून ठेवली होती.

तासाभराने कचेरीची माणसं फोटोसाठी पायऱ्यांवर उभी राहिली. फोटोवाला खालून हातवारे करत होता. "कडेचे काका, एक पायरी खाली या! अजून एक!" कडेचे काका एक पायरी खाली आले. दुसऱ्या पायरीवर टाच निसटली आणि ते थेट तळापर्यंत गडगडत आले. खाली आपटताना त्यांनी उजवा हात टेकला. हाताचा कट्‌ असा आवाज काजळीला सात हातांवरून ऐकू आला.

आता ती उठली. या क्षणासाठी तिने दोन वर्षं मान खाली घातली होती. तिला ते तोंड वेदनेने वाकडं झालेलं बघायचं होतं, पोट भरून बघायचं होतं. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

खाली एक म्हातारा शिपाई पडला होता. कचेरीत फायली आणि चहा पोचवणारा. चष्मा एका कानाला लटकत होता, मनगट भलतीकडेच वळलं होतं. मोठा तर तो मुळीच नव्हता. लोकांनी त्याला उचलला तो एखादं गाठोडं उचलावं तसा.

"बाळ, ते दोन्ही बूट घे, टाच घे," तो तिला बघून कण्हत म्हणाला. "सांभाळ जरा. साहेबांनी दिलेत. दोनच महिने झाले. त्यांना कळलं मी असे वापरले, तर काय म्हणतील!"

"साहेबांनी? कोणत्या?" काजळीने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या. त्यांच्याकडे जवळजवळ दोन वर्षं कपाटात पडून होते. म्हणाले, कुत्रं चावलंय, पण कातडं चांगलं आहे, घाल." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "आम्ही मागच्या दाराने येणारे ग. आज फोटोसाठी पुढून आलो. पायीची वहाण पायीच बरी म्हणतात ते खोटं नाही. महिनाअखेर निवृत्त व्हायचं, कागदांवर सह्या करायच्या. आता या हाताची सही कशी जुळायची?"

त्याला रिक्षात घालताना तो पुन्हा म्हणाला, "ते साहेब तुला माहीत आहेत की. दर सोमवारी तुझ्याकडेच पॉलिश करतात."

काजळी पायरीवर बसली ती बसलीच. सोमवारचे काळे बूट. वर्तमानपत्र. पाय ठेवला की बुटाच्या टोकाने पेटीवर दोनदा टकटक करायची खोड. आणि टाच? बाहेरच्या कडेने गोल झिजलेली. ती टाच तिने दोन वर्षं दर सोमवारी स्वतःच्या मांडीएवढ्या अंतरावर बघितली होती. बटणचा हात मोडणाऱ्या पायाला ती दोन वर्षं चकाकी देत होती. त्यांच्या कोर्टात फक्त बुटांना शिक्षा होत होती. ज्याच्याकडे दुसरा जोड आहे, तो पहिल्याच दिवशी निर्दोष सुटत होता. आणि त्यानेही कधी वर्तमानपत्र खाली करून बघितलं नव्हतं, की हे पोर कोणाचं, हा वाकडा हात कसला.

संध्याकाळी ती बूट आणि टाच घेऊन मोचीबाबांकडे गेली. बाबांनी भोकांतलं मेण नखाने काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हे खिळे निघालेले नाहीत, पोरी. काढलेले आहेत."

काजळीने झालं ते सगळं सांगितलं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी," बाबा म्हणाले. बूट तिच्यापुढे टाकला. "तूच ठोक. मी हात लावणार नाही."

तिने पाचही खिळे ठोकले. ठोकताना रडली, आणि रडता रडता तिचा राग कमी व्हायचा सोडून वाढतच गेला. म्हाताऱ्याचा हात तिने मोडला होता, हे खरं. पण तोही त्या साहेबाच्या खात्यात घालायचा असं तिने ठरवून टाकलं. स्वतःचं पाप उचलायला जड असलं, की माणूस ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला बघतो. काजळी लहान असली म्हणून काय झालं.

"सोमवारी काय करणार?" बटणने विचारलं.

"तू फक्त समोर बस. हात झाकू नकोस."

सोमवारी दहाला काळे बूट आले. पाय पेटीवर आला. टकटक.

"साहेब, शिलाई सुटतेय," काजळी म्हणाली. "काढून द्या, लगेच करते."

पाय बुटांतून बाहेर आले आणि हिरव्या-गुलाबी चपलांत गेले. वर वर्तमानपत्राचं पान उलटलं. काजळीने काळे बूट शेजारच्या पायरीवर नीट जोडीने ठेवले. मग पेटीमागून तपकिरी बूट काढले, त्यांत आपले पाय घातले, नाड्या आवळल्या आणि उभी राहिली. बूट दुप्पट मोठे होते, पण टाच घट्ट होती. मग एकेक करत पाच पेट्या उलट्या झाल्या. तिची सहावी तेवढी राहिली; तिला वाकायला वेळ नव्हता.

"काय चाललंय? किती वेळ?" साहेबाने वर्तमानपत्र खाली घेतलं. त्याची नजर काजळीच्या तोंडावर गेली आणि न थांबता खाली घसरली. बटणच्या हातावर पडली आणि तिथूनही घसरली. बुटांवर मात्र थांबली.

"हे... हे माझे बूट!" तो ओरडला. "चोर! कुठून चोरलेस?"

हात आठवला नाही, पोर आठवलं नाही, बूट तेवढे आठवले! तो पुढे वाकला आणि त्याने तिचा घोटा पकडला. लोक थांबले. पहारेकरी धावत आला.

"साहेब, तिने चोरलेले नाहीत." आवाज वरच्या पायरीवरून आला. म्हातारा शिपाई उभा होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. रजा शिल्लक नव्हती म्हणून तसाच कामावर आलेला. बूट त्याने फक्त सांभाळायला दिले होते, घालायला नाही. तरी तो म्हणाला, "मी दिलेत तिला. पोर अनवाणी असते."

पहारेकरी थबकला. साहेबाने घोटा सोडला, पण वाकल्यामुळे गेलेला तोल सावरायला त्याचा उजवा हात पायरीवर टेकला. पाचही बोटं पसरलेली. काजळीने टाच उचलली आणि त्या बोटांवर ठेवली. मग दुसरा पाय उचलून सगळा भार टाकला.

साहेब किंचाळला. तिच्यात भार तो केवढा असणार! बोटं मोडली नाहीत. पण दोन वर्षांत जेवढं खाल्लं होतं, तेवढं सगळं तिने त्या टाचेत घातलं.

"कुत्रं नव्हतं ते!" ती ओरडली. "मी चावले होते! बघा माझे दात, बघा! हा माझा भाऊ. हा त्याचा हात. पाकीट तुमच्या कोटात होतं. आता आठवलं? तुमच्यापायी... तुम्ही आहात असं समजून मी या काकांच्या टाचेचे खिळे काढले! यांचा हात माझ्याकडून मोडवलात तुम्ही!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो.

साहेबाने हात ओढून काखेत धरला. कुणीतरी फिसकन हसलं. वरच्या खिडक्यांमधून डोकी बाहेर आली होती. त्याने आपल्या काळ्या बुटांकडे बघितलं, पण बूट पोरांच्या मधोमध होते आणि पोरं पाठ फिरवून बसली होती. तो पुढे झाला नाही. एक चप्पल हिरवी, एक गुलाबी, तसाच तो बत्तीस पायऱ्या चढला, आणि प्रत्येक पायरीवर त्या चपला फटक फटक वाजल्या. बटण ते मान वर करून बघत राहिला. वाकडा हात त्याने गुडघ्यावर उघडा ठेवला होता. दोन वर्षांनी पहिल्यांदाच तो मोठ्याने हसला.

काजळीला ते हसू बघायचं होतं. त्याचसाठी तर सगळं केलं होतं. पण म्हातारा शिपाई एकेक पायरी जपत खाली येत होता, आणि तिची मान तिकडेच वळली होती. या वेळी तिने बूट बघितले नाहीत, तोंडच बघितलं. ते रागावलेलं असतं तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली. "तुमचे बूट..." ती घाईघाईने नाड्या सोडायला लागली, पण गाठ सुटेना.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "तूच घाल."

तो तिच्या पेटीपाशी थांबला. सहा पेट्यांमध्ये तेवढी एकच सुलटी उरली होती. म्हातारा हळूहळू वाकला. उजवा हात झोळीत होता, म्हणून डाव्याच हाताने त्याने ती पेटी धरली. ब्रश घरंगळले, डब्या पायरीवरून खाली गडगडत गेल्या, फडक्यातली पकड दगडावर वाजली. पेटी उलटी करून त्याने ती नीट ठेवली आणि मागच्या दाराकडे चालू लागला.

पाच पोरांनी ते बघितलं. पायऱ्यांचा कायदा सगळ्यांना ठाऊक होता. त्या दिवशी काजळीची पेटी सुलटी करायला कुणी पुढे झालं नाही, बटणसुद्धा नाही.